शकुबाईच्या हाताची सर

सत्त्याऐंशी सालच्या संक्रांतीनंतर आमच्या सासऱ्यांनी आमच्या मुलुंडच्या घराची खानावळ करून टाकली. कुणाला विचारलं नाही की सवरलं नाही. रविवारी दुपारी जेवून उठले, मोरीत चूळ भरली, धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि सासूबाईंकडे वळून म्हणाले, "शकुबाय, आज तिकल्यात मीठ कमी पडला गो."

सासूबाईंच्या हातातला डाव हातातच राहिला. माझा नवरा नंदू बांगड्याचं डोकं चोखत होता, त्याने ते ताटात ठेवलं. मी तव्यावरची पोळी उलटायची विसरले आणि ती जळली. त्या घरात पोळी जळली आणि सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं.

कारण शकुबाय कोण, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आबा, म्हणजे माझे सासरे दत्ताराम, लालबागच्या एका गिरणीत पस्तीस वर्षं कापड विणायच्या साच्यावर होते. त्यातली पहिली बावीस-तेवीस वर्षं सासूबाई कणकवलीजवळच्या गावात आणि आबा मुंबईत. तेव्हा सगळेच तसे राहत. बायको गावी शेत, गुरं आणि सासू सांभाळणार. नवरा इकडे दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर एका खोलीत झोपणार आणि जेवायला खानावळीत जाणार. आबांची खानावळ शकुबाई नावाच्या एका विधवेची होती. सासूबाईंनी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. पण आबा रजेवर गावी जात आणि परत निघायच्या दिवशी सासूबाई जीव ओतून बांगड्याचं तिखलं करत, ताजी तिरफळं ठेचून घालत. आबा ते बोटं चाटून खात आणि शेवटी म्हणत, "बरा हा. पण शकुबायच्या हाताची सर नाय."

दर वर्षी. न चुकता. निघायच्या दिवशीच.

पासष्ट साली सासूबाई मुलांना घेऊन मुंबईत आल्या आणि त्या दिवसापासून आबांनी शकुबाईचं नाव टाकलं. मला वाटलं असतं, चला, विषय संपला. सासूबाईंचं गणित वेगळं होतं. "आता नाव कित्याक घेणा नाय? मनात काळा आसा म्हणान!" हे मी लग्न करून आल्यापासून महिन्यातून दोनदा तरी ऐकलं आहे. घरात तिखलं झालं की शकुबाई ताटात असायचीच.

आणि आता बावीस वर्षांनी शकुबाई परत आली होती, ती सासूबाईंच्याच अंगात.

आबांचं विसरणं दोनेक वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग नातवंडांची नावं, मग बहिणीचं मरण. डॉक्टरांनी इंग्रजीत एक लांबलचक नाव सांगितलं; औषध मात्र काहीच सांगितलं नाही. "त्यांच्याशी वाद घालू नका. ते म्हणतील त्याला हो म्हणा," एवढंच म्हणाले. ते म्हणतील त्याला हो म्हणायचं, हे त्या डॉक्टरांनी सासूबाईंना पाहण्याआधी सांगितलं होतं.

तर खानावळ सुरू झाली. आबांच्या लेखी नंदू हा गावाहून नुकताच आलेला पोरगा. एका कंपनीत पंचवीस माणसं हाताखाली असलेला माझा नवरा रोज संध्याकाळी घरी येऊन जेवायला बसला की आबा त्याला दटावत, "ए, तो माझो पाट. तू थय दाराकडे बस. आणि बेगीन आटप, दुसरी पाळी सुटली की माणसा येतली." नंदू बिचारा नऊ मिनिटांत जेवून उठायचा. त्याला ॲसिडिटी सुरू झाली.

मी कोण, हे ठरवायला आबांना आठवडा लागला. मग त्यांनी मला पोळ्या लाटणारी ठरवलं. मी सकाळच्या शाळेत शिक्षिका, एम. ए. झालेली, पण ते असो. एकदा माझ्या देखत सासूबाईंना म्हणाले, "शकुबाय, ह्या चेडवाक काढून टाक. पोळी लाटता काय चप्पल?"

"मी दहा वर्षा तेच सांगतंय," सासूबाई म्हणाल्या.

वाद घालू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून मी गप्प बसले.

पण हे नंतरचं. पहिले तीन-चार दिवस सासूबाई नुसत्या धुमसत होत्या. "शेवटाक तीच आठवली मां? पन्नास वर्षा संसार केलंय, पोरां वाढवलंय, माझा नाव गेला आणि तिचा ऱ्हवला!" हे खरं होतं. मला त्यांचं वाईट वाटायचं. माणसाने विसरायचंच तर सगळं विसरावं. असं निवडून विसरणं फार वाईट.

पाचव्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर सासूबाई चक्क हसऱ्या चेहऱ्याने दारात उभ्या.

"कुंदा, माका एक सुचला हा."

"काय?"

"त्येका वाटता मी शकु. मगे शकु म्हणानच इचारतंय. तुमच्या दोघांचा काय होता, ता आता त्येच्याच तोंडान भायर काढतंय."

"आई, नका हो. समजा काही निघालंच, तर?"

"निघू देत."

"ते बहात्तर वर्षांचे आहेत, तुम्ही सहासष्टच्या. आता कळून काय करायचंय?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खरोखरच पोळ्या लाटणारी आहे. "चाळीस वर्षा हयसर काटो रुतलो हा," छातीवर बोट टेकवून त्या म्हणाल्या. "मराच्या आधी काढूक होयो की नको?"



पहिला प्रयत्न त्याच दुपारी झाला. आबा जेवायला बसले होते. सासूबाईंनी त्यांना माशाची दुसरी तुकडी वाढली, समोर बसल्या, पदर सारखा केला आणि जरा लाजत, मला तर बघवेना, विचारलं, "दत्ताराम, खरा सांग. तुझो आणि माझो काय संबंध?"

आबांचा घास थांबला. "खानावळीत जेवणाऱ्याचो कसलो संबंध? ताटाशी." मग तुकडीकडे संशयाने पाहत म्हणाले, "आज दोन तुकडी? काल बांगडे उरले काय गो?"

दुसरा प्रयत्न त्याच्या पुढल्या रविवारी. तो माझ्या मते यशस्वी होत आला होता. सासूबाईंनी आवाज मऊ करून "तुका माझी आठवण येता की नाय, गावाक गेलंस की?" असं विचारलं आणि आबा विचारात पडले. कपाळाला आठ्या घालून ते काहीतरी सांगणार, एवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात तीन माणसं. खांद्यावर टॉवेल, पायात कारखान्याचे बूट.

"शकुबाईंची खानावळ हीच ना?"

"काय?" नंदू म्हणाला.

"खाली गेटवर रोज ते आजोबा बसतात ना, त्यांनी सांगितलं. दुसरा माळा, उजवीकडे. म्हणाले, बांगडा एकदम झकास असतो."

आबा आतून ओरडले, "येवा येवा! तीन पाट मांड गो शकुबाय!"

नंदू त्यांना घालवायला तोंड उघडणार, तोच सासूबाई उठल्या. काही झालं तरी त्या कोकणातल्या बाई. जेवायच्या वेळेला दारात आलेल्या माणसाला उपाशी परत पाठवणं त्यांच्या रक्तात नाही. तिघं पोटभर जेवले. एकजण आमटीचा तिसरा वाडगा संपवून म्हणाला, "मावशी, आईची आठवण झाली. उद्या दोन माणसं अजून आणली तर चालतील?"

"चलात चलात," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच आले. नंदूने पुठ्ठ्यावर 'येथे खानावळ नाही' असं ठळक अक्षरांत लिहून गेटला बांधलं. आबांनी त्यातलं 'नाही' फाडून टाकलं.

मग सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव वर आले. हातात लेखी नोटीस होती: राहत्या जागेत विनापरवाना व्यवसाय वगैरे. भाऊराव तळमजल्यावर एकटे राहायचे; बायको जाऊन चार वर्षं झाली होती, स्वतःच खिचडी टाकायचे. आबांनी त्यांना नोटीस वाचूच दिली नाही. "बस रे, नवीन दिसतंस. आज सुंगटाची आमटी हा," म्हणून हाताला धरून पाटावर बसवलं. भाऊराव कोळंबीची ती आमटी ओरपून जेवले. निघताना नोटीस न्यायची राहिली. मी ती नंतर पाहिली. तिच्यावर ताटाचा गोल उमटला होता. त्यानंतर भाऊराव गुरुवारी आणि रविवारी येऊ लागले आणि कारखान्यातल्या माणसांना गेटवरून समजावून परत पाठवायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. आपलं पान कमी होईल या भीतीने माणूस किती कर्तव्यदक्ष होतो!

या सगळ्या गडबडीत सासूबाईंचा प्रश्न तसाच राहिला होता. आणि मला दिसत होतं की त्या आता विचारायला घाबरत होत्या. शकुबाई होऊन आबांना वाढताना त्यांना गंमत येऊ लागली होती. आबा त्यांच्याशी बोलायचे, तक्रारी करायचे, हसायचे. नवरा म्हणून ते इतके कधी बोलले नव्हते. उत्तर वाईट निघालं तर हेही जाणार.

ते उत्तर शेवटी न विचारताच आलं.

गुरुवारची दुपार होती. सासूबाई अडाळ्यावर बसून नारळ खवत होत्या, मी वह्या तपासत होते. आबा आतून आले ते काळी टोपी घालून, हातात कापडी पिशवी घेऊन. सासूबाईंच्या समोर उभे राहिले.

"शकुबाय, एक सांगतंय. रागाव नको. आयतवारपासून माझा पान मांडू नको."

"कित्याक?"

"माझी बायको येता. गावसून."

"खयची बायको?"

"खयची म्हंजे? माझी. मालन."

दहा वर्षांत मी आबांच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं. घरात ते 'अगो' म्हणत, नाहीतर नुसतं खाकरत. सासूबाईंच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनीही फारसं ऐकलं नसावं.

"दिसाक कशी हा?" सासूबाईंनी विचारलं. बाई कुठली का असेना, हा प्रश्न आधी.

आबांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुझ्यापेक्षा बरी."

मी वहीत तोंड खुपसलं.

"बरी आसा तर मगे तिका कित्याक सांगतंस, शकुबायच्या हाताची सर नाय म्हणान?" सासूबाईंचा आवाज आता शकुबाईचा राहिला नव्हता. "माका सगळा कळला हा. सांग, कित्याक सांगतंस?"

आबांनी मागे-पुढे पाहिलं. माझ्याकडे पाहून, पोळ्या लाटणारीच आहे, असं स्वतःचं समाधान केलं आणि पाटावर उकिडवे बसले.

"खरा सांगू? रागावचा नाय. तुझा तिकला म्हंजे, बाये, बांगडो पाण्यात आंघोळ करून जाता. तिरफळा मोजून तीन टाकतंस. आमी गिळतंव, कारण दुसरी खानावळ लांब पडता. माझी मालन करता ना तसा तिकला... तू आयुष्यात खावक नाय."

"मगे?"

"मगे काय. मी मुंबयक निघालंय की ती रडता. आवाज करणा नाय. पदर तोंडात कोंबता आणि उभ्या उभ्या रडता. माझो पाय उंबऱ्याच्या भायर पडणा नाय. एक वर्सा असोच चार दिस ऱ्हवलंय, हयसर खाडे पडले, नोकरी जावची होती. मगे माका सुचला. जेवताना सांगलंय, शकुबायच्या हाताची सर नाय." आबा हसायला लागले, खांदे हलवत. "अशी भडाकली, अशी भडाकली! टोप आपटल्यान. रडाचा इसरली! मी पिशवी उचललंय नि सुटलंय, बोटीत बसान हसत इलंय. राग तिका आठ दिस पुरता. तोवर माझा पत्र पोचता."

मग हसू थांबलं. "रडती बायको मागे ठेवन जावक जमणा नाय गो. चिडलेली जमता."

सासूबाई पुन्हा नारळ खवू लागल्या. खोबरं केव्हाच संपलं होतं, त्या नुसती करवंटी खरवडत होत्या आणि ताटात तपकिरी भुसा पडत होता. मग म्हणाल्या, "मीठ तरी बरोबर असता मां माझा?"

"मीठ बरोबर असता," आबा उदारपणे म्हणाले.

सासूबाई उठून मोरीत गेल्या आणि नळ सोडला. मी मात्र तिथेच बसून रडले, आठवीच्या निबंधांवर. एका मुलाची शाई सगळी पसरली. त्याला मी दोन गुण जास्त दिले.

आता पेच पुढचाच होता. आबा शब्दाचे पक्के. रविवारी सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. टोपी घालून गेटवर जाऊन बसले. "बायको इली की जेवतलंय."

"मी हय बसलंय इतकी वर्षा, आता ह्येका बायको खयसून हाडू?" सासूबाई म्हणाल्या. पण म्हणतानाच त्यांचे डोळे पलंगाखाली गेले होते. तिथे त्यांची पासष्ट सालची पत्र्याची ट्रंक होती.

पुढचं सगळं अर्ध्या तासात झालं. ट्रंकेतून नऊवारी लुगडं निघालं. नेसवताना माझी दमछाक झाली, कारण बाई आता दीडपट झाल्या होत्या. भाऊरावांनी खांद्यावर टॉवेल टाकून हमालाची भूमिका मागून घेतली. खरं तर नोकरीत ते हेडक्लार्क होते. मागच्या फाटकातून आम्ही सासूबाईंना बाहेर काढलं आणि रिक्षात बसवलं. सोबत ट्रंक, दोन नारळ आणि गावची म्हणून भांडुपच्या बाजारातली कोकमं.

"कुठे जायचं, आजी?"

"हयच."

"हितंच? मग बसलात कशाला?"

"गाव लांब आसा. जरा फिरवन आण," सासूबाई म्हणाल्या.

रिक्षावाल्याने नाक्यापर्यंत नेऊन, चक्कर मारून पुढच्या गेटवर आणलं. आबा उठून उभे राहिले. टोपी सारखी केली. आम्ही सगळे रिक्षामागे उभे. त्यांनी ओळखलंच नाही तर? पुन्हा शकुबाय म्हणाले तर?

"इलंस?" आबा म्हणाले.

"इलंय."

"बोट लागली काय?"

"नाय."

"पोरां बरी?"

सासूबाईंनी मागे ट्रंकेचं दुसरं टोक धरून उभ्या असलेल्या एकोणचाळीस वर्षांच्या नंदूकडे पाहिलं. "बरी आसत. मोठो जरा सुटलो हा."

आबांनी त्यांना वर आणलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोला त्यांनी सगळं दाखवलं. "ही खानावळ. शकुबाय भायर गेली हा वाटता. तू कर जेवाण, पण तिच्या डब्यांक हात लावू नको, भुकता." सासूबाई आपल्याच फडताळातले आपलेच डबे चोरून काढत होत्या. बांगडे शिजले, मुठीने तिरफळं पडली. आबा तीन भाकऱ्या जेवले. वाटी बोटाने पुसली. भाऊराव, नंदू आणि मी दाराशी दाटीवाटीने बसलो होतो, दुसऱ्या पाळीचे.

जेवून झाल्यावर आबांना काहीतरी आठवलं. "तुका परत जावक होया. गोरवां कोण बघतला?"

"जातलंय," सासूबाई म्हणाल्या. आणि तेव्हा त्यांचं नाटक संपलं. पदर तोंडाकडे गेला. आवाज नाही, काही नाही, उभ्या उभ्या. मला उठून त्यांना धरावंसं वाटलं, पण मी उठले नाही.

आबा ते बघत होते. त्यांनी सावकाश चूळ भरली, धोतराच्या सोग्याला हात पुसले.

"बरा होता," ते म्हणाले. "पण शकुबायच्या हाताची सर नाय."

मग सासूबाईंनी तिखल्याचा टोप उचलला आणि मोरीत असा आपटला की खालच्या माळ्यावरचं कुत्रं भुंकलं. "मगे जा! तिच्याकडेच जेव जा मेल्या! माझ्याकडे कित्याक बसतंस?"

आबांचा चेहरा उजळला. ते माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "बघलंस? रडाचा इसरली."

सासूबाई आमच्याकडे पाठ करून मोरीपाशी उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. पहिला आवाज पुरेसा मोठा झाला नाही असं वाटलं असावं, म्हणून त्यांनी टोप पुन्हा उचलला आणि आणखी एकदा आपटला.